फाईलवरची चौथी ओळ

"ताई, ही बाटली मला देऊन टाका. बाळाला हे पुन्हा देऊ नका."

आकाशी गणवेशातली ती मुलगी माझ्या फ्रिजपुढे उकिडवी बसली होती. दाराच्या कप्प्यातली रेणूच्या सिरपची बाटली काढून ती उजेडात धरून बघत होती. नर्सिंग कॉलेजच्या मुली वर्षातून एकदा आमच्या कॉलनीत घरोघर फिरायच्या. घरात किती माणसं, पाणी कुठलं, लसी झाल्या का, औषधं कुठं ठेवता, असले प्रश्न विचारायच्या आणि चुरगळलेल्या फॉर्मवर लिहून घ्यायच्या. हिच्याकडे एक पुठ्ठाही होता. त्यावर स्केचपेननं गोळ्या आणि बाटल्या काढून, "अँटिबायोटिक: अर्धवट सोडू नका, उरलेले वापरू नका" असं लिहिलेलं होतं. "अँटिबायोटिक"मधला "क" जागा न पुरल्यामुळं खालच्या ओळीत गेला होता. मला हसू आलं होतं.

"का? चांगली अर्धी आहे की."

"ही पावडरची बाटली आहे ताई. पाणी घातल्यावर आठवडाभरच चालते. आणि अर्धी उरली म्हणजे बाळाला पूर्ण दिलेली नाही."

"तीन दिवसांत ताप गेला तिचा. उगाच कशाला पाजायचं?"

"ताप गेला म्हणजे जंतू गेले असं नसते." ती असंच बोलायची, पाठ्यपुस्तकासारखं. आश्रमशाळेत शिकलेलं मराठी. "पुढच्या वेळी आपण हेच थोडेसे दिले तर ताप दबतो. मग डॉक्टरांना जंतू सापडत नाहीत."

"मी मायक्रोबायॉलॉजी केलंय," मी म्हणाले. "बी.एस्सी."

ती म्हणाली, "मग तर तुम्हाला माहीतच आहे."

बाटली अजून तिच्याच हातात होती. मी ती घेऊन कप्प्यात परत ठेवली, फ्रिजचं दार लावलं आणि तिच्या फॉर्मवर सही केली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं: रोशनी वसावे, द्वितीय वर्ष.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. रेणू तेव्हा तेरा महिन्यांची होती आणि मी तिच्याशिवाय दुसरं काही बघत नव्हते. लंगोट किती ओले झाले, ते मी कॅलेंडरवर लिहायचे. तिच्या श्वासाचा आवाज बदलला तर मला स्वयंपाकघरात कळायचं. इतकी लक्ष ठेवणारी आई कॉलनीत दुसरी नाही, असं शेजारणी म्हणायच्या आणि मला ते आवडायचं.

तीन आठवड्यांनी रेणूला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. लंगोटाला एक वेगळा वास येत होता, तोही माझ्या लक्षात आला होता. सासूबाई म्हणाल्या, "व माय, केवढं तापलंय पोर! चल, दवाखान्यात नेऊ."

"आई, थांबा जरा. मला कळतं."

नवरा संदेश कामानिमित्त इंदूरला गेला होता. सासूबाई पूजेला बसल्यावर मी बाटली काढली. सिरप मूळचं पांढरट होतं. आता पिवळं पडून खाली त्याचा थर बसला होता. झाकण उघडलं तर सडक्या संत्र्यासारखा वास आला. मी हलवलं, चमच्यात ओतलं, जिभेला लावून बघितलं. कडूशार. आणि तरीही ते माझ्या लेकराच्या तोंडात घातलं. तिनं थुंकलं तेव्हा हनुवटीवरचं बोटानं गोळा करून परत आत सारलं. दोन दिवसांत पाच चमचे. ताप उतरला, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी रेणू एकशे चारनं फणफणली.

आमच्या गावात लहान मुलांचं एकच मोठं रुग्णालय होतं, त्याच नर्सिंग कॉलेजचं. वॉर्डातल्या रेक्झिनच्या गाद्या हाताला चिकटायच्या. बेसिनमध्ये कुणीतरी खरकटा चहा ओतलेला, त्यात चहापत्ती आणि एक कापसाचा बोळा तरंगत होता. मी रेणूला गादीला टेकू न देता मांडीवरच घेऊन बसले.

पेशंटची माहिती विद्यार्थिनींनी लिहायची, अशी तिथली पद्धत होती. फाईल घेऊन आली ती रोशनी वसावेच. तिनं मला ओळखलं. रेणूच्या कपाळाला हात लावला, मग खुर्चीच्या कडेवर बसली.

"ताई, ताप कधीपासून?"

"आज दुपारपासून."

"आज?" सासूबाई म्हणाल्या. "तीन दिवस झाले."

"म्हणजे मधे उतरला होता," मी म्हणाले.

रोशनीनं लिहिलं. मग पेन थांबवून, आवाज खाली आणून विचारलं, "घरी काही औषध दिलं होतं का? ती बाटली?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. पलीकडच्या कॉटवरची बाईसुद्धा.

"कसली बाटली?" मी म्हणाले. "काही नाही दिलं. ताप उतरायचं औषध तेवढं."

"ताई, दिलं असेल तरी चालते. फक्त लघवीची तपासणी..."

"नाही म्हटलं ना एकदा!"

मी ओरडले तशी ती मागं सरकली. पण तिनं जे लिहिलं ते मी वाचलं. मला उलटी अक्षरंसुद्धा वाचता येतात, लॅबमधली सवय. चौथ्या ओळीत, "घरी दिलेली औषधे" या मथळ्यापुढे तिनं लिहिलं होतं: "आई नाही म्हणते. घरभेटीत अँटिबायोटिकची उघडी बाटली पाहिली होती. डॉक्टरांनी खात्री करावी."

तेवढ्यात खैरनार मॅडम आल्या. त्या वॉर्डाच्या मॅट्रन आणि मुलींना शिकवणाऱ्याही त्याच. त्या अंगठा जिभेला लावून पान उलटायच्या. प्रत्येक पान. मग तोच अंगठा पुसल्याशिवाय पोराच्या मनगटावर ठेवून नाडी बघायच्या.

"हे काय पुराण लिहिलंस वसावे?"

"मॅडम, मी यांच्याकडे सर्व्हेला गेले होते तेव्हा..."

"आई काय म्हणते?"

"नाही म्हणते."

"मग तू कोण? सी.आय.डी.?" मागच्या दोन मुली खुदकन हसल्या. "पेशंटची आई शिकलेली आहे, सांगते आहे नाही म्हणून. आणि हिला पाड्यावरून आल्या आल्या शंका. खोटं बोलतायत का त्या?"

रोशनी माझ्याकडे बघत होती. मी रेणूचं टोपडं नीट केलं.

"नवीन पान घे. खाडाखोड चालत नाही माझ्या फाईलला, तपासणीवाले येतायत सोमवारी. 'नाही' लिही आणि खाली सही कर. बुकातलं सगळं परीक्षेत लिहायचं, इथं नाही."

मॅडमनी ते पान टर्रकन फाडलं, चार घड्या घातल्या आणि कॉटखालच्या बादलीत टाकलं. रोशनीनं नवीन पान लिहिलं. चौथ्या ओळीत एकच शब्द. खाली तिची सही. संध्याकाळी झाडूवाली बादली रिकामी करून गेली, तेही मी पाहिलं. मी सगळंच पाहत असते.

डॉक्टर बेंडाळे सज्जन माणूस. फाईल वाचून ते म्हणाले, "घरी काही दिलेलं नाही, हे बरं झालं. लघवीच्या कल्चरमध्ये काय असेल ते नेमकं कळेल." लघवी घेतली, मग इंजेक्शन सुरू झालं. रोशनी दर वेळी ट्रे घेऊन सिस्टरच्या मागं उभी असायची. माझ्याशी बोलायची नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. "वाढ नाही."

जंतू वाढवायच्या त्या काचेच्या बश्या मी कॉलेजात तीन वर्षं भरल्या होत्या. जंतू असूनही बशी कोरी का राहते, यावर मला परीक्षेत दहा पैकी नऊ मार्क मिळाले होते. पाच चमचे. तेवढं पुरतं. जंतू मरायला नाही, दडायला.

"म्हणजे लघवीचं इन्फेक्शन नाही," डॉक्टर म्हणाले. "व्हायरल असावं. इंजेक्शन बंद करू, उगाच नको."

"बरं झालं," मी म्हणाले. हो, असंच म्हणाले.

दुपारी वॉर्ड झोपलेला असताना रोशनी चादर बदलायला आली. चादर चांगली होती. ती उगाचच कोपरे खोचत राहिली.

"ताई, अजून सांगता येते," ती खाली बघत म्हणाली. "कोणी रागावणार नाही. मी डॉक्टरांना एकट्याला सांगेन. तुमच्या सासूबाईंना कळणार नाही."

खरं सांगते, त्या क्षणी मला तिची किळस आली. तिच्या हाताला येणाऱ्या फिनेलच्या वासाची, तिच्या छापील मराठीची, तिला माहीत असण्याची. आता आठवतं तेव्हा कळतं की किळस आली होती ती दुसऱ्याच कुणाची, पण तेव्हा समोर ती होती.

"तुमच्या मॅडमना सांगू का, तू पेशंटला त्रास देतेस म्हणून?"

तिनं जुनी चादर गोळा केली आणि गेली. मी मॅडमना सांगितलंही. "बघते मी तिच्याकडे," मॅडम म्हणाल्या आणि अंगठा ओला केला.

चौथ्या दिवशी सकाळी रेणूला हुडहुडी भरली. दात नव्हते पुरते, पण हिरड्या हिरड्यांवर वाजत होत्या. ओठ निळसर. डोळे वर. मी किंचाळले असेन, कारण सासूबाईंनी माझं तोंड दाबल्याचं आठवतं. डॉक्टर धावत आले. मान हलवून बघितली, पाय उचलून बघितले.

"मला हे कळत नाहीये," ते म्हणाले. "मेंदूपर्यंत काही गेलंय का ते बघावं लागेल. पाठीच्या मणक्यातून पाणी काढू. एवढ्याशा बाळाला... पण इलाज नाही. नाहीतर धुळ्याला न्या." मग ते माझ्यापुढे वाकले. "एकदा नीट आठवून सांगा. इथं येण्याआधी अँटिबायोटिकचा एक थेंब तरी गेला होता का?"

सिस्टर एका ट्रेवर सुई काढून ठेवत होती. माझ्या बोटाएवढी लांब सुई.

"हो," मी म्हणाले.

डॉक्टर ताठ झाले. "काय?"

"सिरप दिलं होतं. जुनं. पाच वेळा."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

सासूबाई. पलीकडची बाई. सिस्टर. दारात खैरनार मॅडम. आणि त्यांच्या मागं, हातात थर्मामीटरचा पेला घेऊन, ती.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "पहिल्या दिवशी. त्या मुलीला. तिनं लिहिलं नाही का?"

किती सहज आलं ते तोंडातून. अडखळले नाही. कारण ते पान कचऱ्यात गेलेलं मी बघितलं होतं.

डॉक्टरांनी फाईल उघडली. चौथी ओळ वाचली, खालची सही वाचली. "वसावे कोण?" एवढंच म्हणाले. मग सुई परत ठेवायला लावली, आधी किडनीची सोनोग्राफी केली. एक किडनी सुजलेली निघाली. तासाभरात दुसरं इंजेक्शन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेणूनं पेज मागितली.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी ती कुणाला सांगितली नसती.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला खैरनार मॅडम द्वितीय वर्षाच्या सगळ्या मुली घेऊन वॉर्डात आल्या. अठरा जणी. माझ्या कॉटभोवती अर्धगोल करून उभ्या राहिल्या.

"आजचा तास इथंच," मॅडम म्हणाल्या. "विषय, अँटिबायोटिकच्या वापरात नर्सची जबाबदारी. पुस्तकं मिटा. वसावे, पुढं ये."

ती पुढं आली. डोळे सुजलेले होते, पण वेणी घट्ट होती.

"ही पेशंट. ही आई. विचार."

"काय विचारू मॅडम?"

"जे विचारलं नाहीस ते."

ती माझ्याकडे वळली. "ताई, बाळाला घरी आधी काही औषध दिलं होतं का?"

"हो," मी म्हणाले.

"मागच्यांना ऐकू आलं नाही. परत."

"ताई, बाळाला घरी आधी काही औषध दिलं होतं का?"

"हो."

"बघा, किती सोपं आहे. पाच सेकंद लागतात. या पाच सेकंदांसाठी एका लेकराच्या पाठीत सुई घालायची वेळ आली होती. परत विचार, पाठ होऊ दे."

चार वेळा. पाच वेळा. प्रत्येक वेळी मी "हो" म्हणत होते. मुलींपैकी एकीनं तोंडावर रुमाल धरला होता, हसू की आणखी काही ते कळत नव्हतं. सहाव्या वेळी मॅडमनी सांगायच्या आधीच रोशनीनं पुढचं विचारलं. आवाज बदलला होता तिचा. तक्रार नव्हती त्यात. ती नर्ससारखी विचारत होती.

"कोणतं औषध होतं ताई?"

मी नाव सांगितलं.

"बाटलीत पाणी घालून किती दिवस झाले होते?"

"दोन महिने."

"किती वेळा दिलं?"

"पाच."

"शेवटचा चमचा कधी दिला?"

"ॲडमिट केलं त्याच्या आदल्या रात्री."

मुली लिहून घ्यायला लागल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी. मग रोशनीनं एक श्वास घेतला.

"आणि ताई, हे तुम्ही मला कधी सांगितलं?"

वॉर्डात कुणाच्या तरी बाळाचा खुळखुळा वाजत होता, तोही थांबला. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. पान त्यांनी फाडलं होतं, बादलीत त्यांनी टाकलं होतं. त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो, एका ताटात जेवलेल्या बायका बघतात तशा.

"पहिल्याच दिवशी," मी म्हणाले. "तू लिहून घेत होतीस तेव्हा."

रोशनीनं मान हलवली. जणू एक उत्तर होतं, ते तिनं नोंदवून घेतलं. मग मागं जाऊन रांगेत उभी राहिली.

"ऐकलंत सगळ्यांनी?" मॅडम म्हणाल्या. अंगठा जिभेला लावून त्यांनी रेणूच्या फाईलचं पान उलटलं. मग रेणूच्या गालाला त्याच अंगठ्यानं चिमटा घेतला. "गोड आहे हो पोरगी."

दहा मिनिटांनी आया कपबशी घेऊन आली. "मॅडमनी तुमच्यासाठी चहा पाठवलाय. साखर जास्त चालते ना?" वॉर्डात कुठल्याच आईला कधी चहा आला नव्हता. मी तो प्यायले. सायीसकट प्यायले.

सासूबाई डबा उघडत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, मी बहिरी नाही." त्यानंतर आजपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. पण रेणूला औषध द्यायचं असलं की माझ्या हातातून बाटली काढून घेतात. मी देते.

आठव्या दिवशी आम्ही घरी आलो. निघताना कॉलेजच्या फाटकाशी एक उंच, काळासावळा माणूस लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन उभा होता. शेजारी ती, गणवेशाशिवाय. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये ती शाळेतल्या मुलीसारखी दिसत होती. रिक्षावाल्यानं सांगितलं, "प्रॅक्टिकलला नापास केली म्हणे. वर्ष परत करायला लावलंय. बाप घेऊन चाललाय." मी रेणूचं तोंड पदरानं झाकलं, धूळ होती म्हणून. रिक्षा त्यांच्या शेजारून गेली. त्या दोघांनी बाजूला होऊन आम्हाला वाट दिली.

रेणू आता आठ वर्षांची आहे. धडधाकट. तिची दर सहा महिन्यांनी लघवी तपासते मी. रिपोर्टवर "वाढ नाही" वाचलं की लोकांना हायसं वाटतं. मला तोंडात कडू लाळ सुटते.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या कॉलेजात गेले. खैरनार मॅडम आता प्राचार्या आहेत. मला ओळखून खुर्ची दिली, चहा मागवला. या वेळी मी तो घेतला नाही. "वसावे? ती परत आलीच नाही," त्या म्हणाल्या. "त्या मुली टिकत नाहीत हो." मी म्हणाले, "मॅडम, मी खोटं बोलले होते." त्या हसल्या. "जाऊ द्या. किती वर्षं झाली. मुलगी बरी आहे ना तुमची?" लेखी द्यायचं म्हटलं, तर म्हणाल्या, "आता कशावर लावू ते? फाईल नाही, काही नाही."

मग क्लार्ककडून पत्ता घेऊन मी अक्कलकुव्याच्या पुढे तिच्या पाड्यावर गेले. तोच उंच माणूस अंगणात बसला होता. केस पांढरे झालेले. मी नाव सांगितलं, दवाखान्याचं नाव सांगितलं. तो उठून आत गेला. दार लावलं नाही. पण बाहेरही आला नाही. मी उन्हात तासभर उभी होते. शेवटी एका शेजारणीनं लांबूनच सांगितलं, "ती इथं नाही राहत. तुम्ही जा."

मला तिथं पुन्हा उभं राहायचा हक्क नाही, हे मला कळतं. पण तुम्हाला आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला आरोग्य खात्यात, शाळेत, बँकेत नोकरीला असाल. गुजरातेत, सुरतेकडे, नवापूरकडे असाल, जिथं त्या भागातल्या मुली कामाला जातात. रोशनी वसावे, आता सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. पाठ्यपुस्तकासारखं मराठी बोलते. कुठल्यातरी दवाखान्यात सफाईला असेल, औषधाच्या दुकानात असेल, नाहीतर कुठंच नसेल. तिला शोधा. माझा निरोप देऊ नका, माफी मागू नका, तिनं ती ऐकून घ्यावी असं ओझं तिच्यावर टाकू नका. नुसतं जाऊन बघा. ती जेवते का, तिचं कुणी आहे का, तिला कुणी काही विचारतं का. बघून या आणि मला कळवा.